ताऊसूग शिकायची असेल तर

तागालोगचं, म्हणजे मनिलाकडच्या भाषेचं, पुस्तक घेऊन सुरुवात करणार असाल, तर ते आधी बाजूला ठेवा. फिलिपिन्सची भाषा म्हटली की जो तो हाच सल्ला देतो. ताऊसूगही फिलिपिन्सचीच, पण बिसाया या वेगळ्या भाषागटातली. तिच्या सख्ख्या बहिणी दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटाच्या ईशान्येला, सुरिगाव-बुतुआनकडे बोलतात आणि ती स्वतः थेट नैर्ऋत्येला, सुलू बेटांवर. होलो हे तिचं मुख्य गाव. झांबोआंगा, बासिलान आणि मलेशियातल्या साबामध्येही ती ऐकू येते. साबात तिला सुलुक म्हणतात.

मी रत्नागिरीचा, नोकरी बोटीवर इंजिन रूममध्ये. माझा गुरू होलोचा एक फिटर. त्याने वही-पेन्सिल आधी बंद करायला लावली. म्हणाला, ऐक.

ऐकायचं काय? स्वर तीनच, आ, इ, उ. पण ऱ्हस्व-दीर्घात चूक चालत नाही. सेबुआनोत (हीसुद्धा बिसाया गटातलीच) दोन स्वरांमध्ये 'ल' असतो, तो ताऊसूगने बऱ्याच शब्दांत गिळला आणि स्वर लांबवला. सेबुआनोतलं 'तुलो' (तीन) इथे 'तू', 'उलो' (डोकं) नुसतं 'ऊ', रस्ता 'दालान'चा 'दान', नाव 'ङालान'चं 'ङान'. हा ङ म्हणजे आपल्या वाङ्मयातलाच, फक्त इथे तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. ही खूण कळली की जॉन वुल्फ यांचा १९७२चा सेबुआनो शब्दकोशही कामाला येतो. तो प्रोजेक्ट गुटेनबर्ग या पुस्तकांच्या साईटवर फुकट आहे. सगळेच 'ल' जात नाहीत हं, आठ 'वालु'च राहतात.

मुख्य पुस्तक मात्र एसआयएल या भाषा-अभ्यास संस्थेचा ताऊसूग-इंग्रजी कोश, पहिली आवृत्ती १९७५ची. पूर्वी ही भाषा अरबी वळणाच्या जावी लिपीत लिहीत, आता रोमनमध्ये लिहितात. फोनवरच्या मेसेजमध्ये दीर्घ स्वर कोणी दाखवत नाही, म्हणून शंका आली की कोशच उघडायचा.

सर्वनामांत मराठी माणसाची चंगळ आहे. 'कामी' म्हणजे आम्ही, 'कितानियु' म्हणजे आपण सगळे. इंग्रजीवाले इथे धडपडतात, आपल्याला समजावून सांगावंच लागत नाही. फक्त तू आणि मी, एवढ्यासाठी 'किता' वेगळा. 'आपण नाही घाबरत कुणाला' असं म्हणणाऱ्यांनी मात्र तो 'आपण' घरी ठेवून यावा.

क्रियापद आधी येतं आणि त्याच्या पोटात अक्षर घुसतं. 'काउन' खाण्याचा धातू. 'कुमाउन' खाणं, 'किमाउन' खाल्लं. 'किमाउन ना काव?' म्हणजे जेवलास का? मेसरूममध्ये मी रोज हेच विचारायचो. उत्तरात एखाद्या पदार्थाचं नाव यायचं, मग तो शब्द पक्का. 'तियुला इतुम' मी असाच शिकलो: खोबरं जाळून काळा केलेला मटणाचा किंवा बीफचा रस्सा. आमच्याकडच्या भाजक्या वाटणापेक्षा त्यांचं खोबरं कितीतरी पुढे गेलेलं असतं.

ओळखीचे शब्दही भेटतात. 'बिचारा' म्हणजे बोलणं, आपला विचार. 'अगामा' धर्म, 'दुन्या' जग. 'सबब' म्हणजे कारण, तो तर आपल्या कोर्टाच्या कागदांत अजून आहे.

२०१२पासून फिलिपिन्सच्या शाळांत लहान वर्गांना मातृभाषेतून शिकवत, त्या भाषांत ताऊसूग होती. २०२४च्या कायद्याने ती सक्ती गेली. त्या काळातली पहिली-दुसरीची पुस्तकं कुठे दिसली तर लगेच उतरवून ठेवा, वाक्यं सोपी असतात. गब्बांग या बांबूच्या पट्ट्यांच्या वाद्याच्या तालावर गायली जाणारी पारांग साबिल ही लढायांची कवनं शेवटी घ्या. मला अजून अर्धीच कळतात.