मुंबईच्या कापडगिरणीनं आपलं घर कसं बदललं, ते आजीकडून कसं काढून घ्यावं

"आजी, तेव्हा कसं होतं गं?" असं विचारलंत तर "बरं होतं बाबा" एवढंच हाती लागेल. झोपण्यापासून सुरुवात करा. खोलीत कोण कोण झोपायचं, आणि कुठल्या पाळीनंतर? आमचे आजोबा परळला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. भिंतीलगत ट्रंका, वर सदऱ्यांच्या खुंट्या. रात्रपाळीवाला निघाला की त्याच्या जागेवर दिवसपाळीवाल्याची वळकटी सुटायची. जेवण खानावळीत. आजी मात्र गुहागरकडे, सासूच्या हाताखाली भात लावत.

माणसं का गेली, हेही विचारा. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीचा घाट घातला, पुढं गिरण्या वाढत गेल्या. कोकणात भात वर्षभर पुरेना, खोताचं (गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं) देणं चुकेना, आणि मुंबईची बोट तर दारात. मग एक भाऊ शेतावर, एक गिरणीत साच्यावर (मागावर).

आता खरा प्रश्न: मनिऑर्डर कोणाच्या नावावर यायची? (टपालखात्याची ही सोय १८८०ची.) आमच्याकडे थोरल्या दिरांच्या नावावर. शेत आजी कसायची, पैसे दीर मोजायचे. मिठालासुद्धा तिनं मागून घ्यायचं. जुन्या ट्रंकेत मनिऑर्डरीची कूपनं सापडतात का बघा. आमच्याकडच्या एकावर बैलाची चौकशी आहे, कौलांची आहे, शेवटी "मुलांस आशीर्वाद". बायकोचा उल्लेख नाही. तिला वेगळं पत्र लिहायची रीतच नव्हती.

"घरातली कुणी बाई गिरणीत होती का?" याला उत्तर बहुधा "छे!" असंच येतं. त्यापेक्षा "वाइंडिंगला, रिळिंगला (सूत गुंडाळायच्या खात्यांत) कोण जायचं?" असं विचारा, मग एखादी आत्या निघते. १८९१च्या कायद्यानं बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली, १९२९ला मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. पुढं गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या. कायद्याचा खर्च हे एक कारण, नवी यंत्रं हे दुसरं.

तारखा आठवत नसतील तर गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. मुलाचं नाव कधी कमी झालं, त्यावरून बिऱ्हाड मुंबईला कधी हललं ते कळतं.

१९८२चा गिरण्यांचा संप शेवटी काढा. पुरुषमंडळी संपाचे पुढारी दत्ता सामंतांवर तासभर बोलतील, बोलू द्या. त्या काळात चूल कोणाच्या पैशावर पेटत होती, ते नंतर स्वयंपाकघरात जाऊन विचारा.