टॉर्च आणि घड्याळ घेताना या चुका टाळा

काजवे बघायला राजमाचीला निघालो, तेव्हा माझ्या हातात खोक्यावर ‘एक लाख लुमेन’ (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप) छापलेला टॉर्च होता. राजमाचीच्या पायथ्याची उधेवाडी यायच्या आधीच त्याची उदबत्ती झाली. सोबतच्या काकांकडची बोटाएवढी बॅटरी (गावाकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात) पहाटेपर्यंत चालली.

खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. आत १८६५० सेल असेल, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, तर त्यात साधारण ३,५०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचं माप) मावतात. वेष्टनावर ९,९०० लिहिलं असेल, तर तो सेल दुकानातच ठेवून या. खऱ्या कंपन्यांचे आकडेही समजून घ्यावे लागतात. एफएल-१ या टॉर्चसाठीच्या मानकात ‘किती वेळ चालतो’ हे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर घसरेपर्यंत मोजतात. त्यामुळे ‘१,००० लुमेन, ३ तास’ वाचून तीन तास हजार लुमेन मिळतील असं धरू नका. सगळ्यात प्रखर मोडवर टॉर्च तापतो आणि काही मिनिटांत स्वतःच उजेड उतरवतो. तो बिघाड नव्हे.

मी तर आधी सगळ्यात मंद मोड बघतो. रोजच्या वापरात कुलूप उघडायचं असतं, लाइट गेल्यावर फ्यूज बघायचा असतो. काजव्यांपुढे तर प्रखर झोत म्हणजे पापच. लांब फेकणारा अरुंद झोतही रोजच्या कामाचा नाही. पावसाळ्यात पायवाटेवर मण्यार दिसायला हवी ती पायाशी, समोरच्या डोंगरावर नाही.

घड्याळाच्या बाबतीत फसवणारा आकडा म्हणजे ‘३० मीटर वॉटर रेझिस्टंट’. एवढ्या खोल ते घेऊन जायचं असा त्याचा अर्थ नाही. हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील, इतकंच. पोहायचं असेल तर १०० मीटरचं घ्या. आणि गरम पाण्याने अंघोळ करताना कुठलंही घड्याळ काढूनच ठेवा, साबण आणि वाफेने आतली रबरी सील लवकर जाते. काचेआत धुकं दिसलं तर तांदळाच्या डब्यात पुरू नका, त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या. गंज काही तुमच्या रविवारची वाट बघत नाही.

सेकंदकाटा एकदम दोन किंवा चार सेकंदांची उडी मारू लागला, की लोक घड्याळ बिघडलं म्हणतात. बऱ्याच क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरच्या, घड्याळांत सेल संपत आल्याची ती खूण असते. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं, तर त्याला चुंबकत्व लागलं असण्याची शक्यता मोठी. फोनच्या कव्हरचं किंवा पर्सचं चुंबक पुरतं. घड्याळजी ते क्षणात उतरवतो, उगाच सर्व्हिसिंगचे पैसे देऊ नका. तारखेचं मेकॅनिकल घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख बदलायला जाऊ नका. तारीख फिरवणाऱ्या चाकांचे दाते तेव्हा गुंतलेले असतात.

टॉर्च लुकलुकतोय? मागचं झाकण काढून आटे आणि स्प्रिंग कोरड्या कापडाने पुसा, मग घट्ट बसवा. बहुतेकदा एवढ्यानेच भागतं. अल्कलाइन सेल मात्र महिनोन्‌महिने आत ठेवू नका. ते पाझरले की पांढरी बुरशीसारखी पूड जमते. ती व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने निघते, पण हातमोजे घालून. बॅगेत टॉर्च आपोआप पेटत असेल तर झाकण पाव फेरा सैल करा.