कात्री चालवणाऱ्या मनगटाचे संगणकीय प्रतिमान कसे तयार करावे

कापड कापणाऱ्या शिंप्याच्या मनगटात नसेवर (म्हणजे मज्जातंतूवर) किती भार येत असेल, हे संगणकावर अजमावायचे असल्यास सुरुवातीलाच एमआरआयच्या मागे लागू नये. इंदूरमध्ये यांत्रिकी अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला टप्पा मोबाइल आणि त्रिकोणमिती यांवर पार पाडता येतो.

मनगटातील कार्पल टनेल या अरुंद बोगद्याच्या तळाशी आणि बाजूंना हाडे असतात, तर तळहाताच्या बाजूला आडवा अस्थिबंध असतो. त्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन नस जाते. नस अस्थिबंधाच्या लगत असल्यामुळे मनगट तळहाताकडे वाकले की ताणलेल्या कंडरा तिला अस्थिबंधावर दाबतात. उलट दिशेने वाकल्यास त्या हाडांवर रेलतात, मात्र नस ताणली जाते. म्हणून मनगटाच्या कोनाचे धन-ऋण चिन्ह शेवटपर्यंत जपावे.

राजवाड्याजवळच्या एखाद्या दुकानात कारागिराची संमती घेऊन दोन बाजूंनी चित्रण करावे. जाड कापडाचे थर कापताना कात्रीचे खालचे पाते टेबलाला टेकलेले असते, मनगट करंगळीकडे कलते आणि पाती मिटण्याच्या क्षणी बोटांचा जोर सर्वाधिक असतो. नेमका तोच क्षण आपल्याला हवा असतो. मीडियापाइप ही संगणक प्रणाली चित्रणातून हाताचे 21 बिंदू शोधून देते, पण त्यांत मनगटाचा बिंदू एकच असल्याने मनगटाचा कोन निघत नाही. यासाठी कोपराजवळ आणि मनगटाच्या मागे रंगीत चिकटपट्टी लावून प्रबाहूची (कोपर ते मनगट या भागाची) दिशा वेगळी मोजावी.

आता कंडरा म्हणजे कप्पीवरून वळणारा पट्टा मानावा. घर्षण नगण्य धरल्यास वळणावरील एकूण बल हे कंडरेतील ताणाची दुप्पट गुणिले अर्ध्या कोनाची ज्या (साइन) इतके येते. ताण 40 न्यूटन असेल, तर 30 अंशांना सुमारे 21 न्यूटन आणि 60 अंशांना 40 न्यूटन बल मिळते. एवढ्या गणितावरही कापण्याच्या दोन पद्धतींची तुलना होऊ शकते, आणि माझ्या मते बहुतेक प्रकल्पांना तेवढे पुरेसे असते.

पुढे जायचेच असेल, तर स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या ओपनसिम या शरीराच्या हालचालींचे गणित करणाऱ्या मोफत प्रणालीत हे कोन भरून कंडरांचा ताण काढावा आणि तो फेबायोसारख्या सांत घटक (फायनाइट एलिमेंट) प्रणालीत, म्हणजे ऊतींचे लहान तुकडे कल्पून दाब काढणाऱ्या प्रणालीत, द्यावा. येथे एककांचा घोळ फार होतो. लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये असल्यास दाब मेगापास्कलमध्ये मिळतो. नसेच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम होऊ लागतो तो पाऱ्याच्या सुमारे 30 मिलिमीटरचा दाब तेथे 0.004 इतका चिमुकला दिसतो.

ऊतींचे गुणधर्म माणसागणिक बदलतात, तेव्हा या आकड्यावरून निदान करू नये. ते काम नसेतून संदेश कसा वाहतो हे तपासणाऱ्या नर्व्ह कंडक्शन चाचणीचे आहे. त्याऐवजी टेबलाची उंची तेवढी बदलून, कापड, कात्री आणि कारागीर तेच ठेवून पुन्हा चित्रण करावे आणि दोन्ही निष्कर्षांतील फरक नोंदवावा.