घरबसल्या जपानी बोलायला शिकायचंय?

आधी कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांच्या मागे लागू नका, हिरागाना या उच्चारांप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीची ४६ मूळ अक्षरं पाठ करा आणि रोमन लिपी सोडून द्या, तिच्यामुळे उच्चार बिघडतात. आपल्याला खरा फायदा आहे तो वाक्यरचनेचा. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमास' म्हणजे 'मी पाणी पितो', क्रियापद शेवटीच, आणि वा, ओ, नि हे आपल्या विभक्तीच्या प्रत्ययांसारखे शब्दाच्या मागे लागतात, त्यामुळे मध्ये इंग्रजी आणूच नका, थेट मराठीतून विचार करा, खूप सोपं जातं. लांबलेला स्वर मात्र नीट जपा, ओबासान म्हणजे मावशी-काकू आणि ओबाऽसान म्हणजे आजी!

सुरुवातीला वाक्याच्या शेवटी 'देस' किंवा 'मास' येणारं नम्र बोलणंच धरा, अनोळखी माणसाशी तेच बरं. रोज २० मिनिटं शॅडोइंग करा, म्हणजे ऑडिओ लावून बोलणाऱ्याच्या पाठोपाठ लगेच तसंच बोलायचं, मग स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकायचं, लाज वाटते पण चुका तिथेच कळतात.

आणि जेएलपीटीवर (जपानी भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेवर) विसंबू नका, त्यात बोलण्याची परीक्षाच नसते. पहिल्या महिन्यातच ऑनलाइन कुणीतरी बोलायला शोधा, कळलं नाही की बिनधास्त म्हणा 'मोऽ इचिदो ओनेगाइशिमास', म्हणजे परत एकदा सांगा प्लीज.