गाडीत संगणकाचे पंखे जोडताय? या चुका टाळा

माझ्या मारुती ईको व्हॅनच्या डिकीत प्लायवूडची एक पेटी आहे. आत इन्व्हर्टर, शेजारी छोटा फ्रिज. मे महिन्यात ताम्हिणी उतरून कोकणात शिरलं की पेटीची भट्टी होते. म्हणून तिला १२० मिलिमीटरचे तीन संगणकाचे पंखे लावायचे ठरवले. पंखे स्वस्त, आवाज नाही, १२ व्होल्टचे. गाडीही १२ व्होल्टची. एका दुपारचं काम, असं वाटलं होतं. तीन रविवार गेले, शिवाय पंख्यांचा वेग सांभाळणारा एक कंट्रोलर जळाला आणि एक पंखा अर्धा बाद झाला. त्यात पंख्यांची काहीच चूक नव्हती. संगणकाचा पंखा एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, लाडात वाढलेला असतो, आणि गाडीत लाड करणारं कोणी नसतं.

१२ व्होल्ट नुसते नावाचे

एसएमपीएसचा १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ च्या बाहेर जायचा नाही, असा नियमच आहे. गाडीचं तसं नाही. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ दाखवते, इंजिन चालू झालं की अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, ते १३.८ ते १४.४ पर्यंत चढवतो, आणि स्टार्टर मारताना क्षणभर ते १० च्याही खाली येतं. बऱ्याच पंख्यांची कमाल मर्यादा १३.२ किंवा १३.८ असते. १४.४ वर पंखा लगेच मरत नाही. जोरात फिरतो, घोंगावतो आणि बेअरिंग लवकर घालवतो. कंट्रोलर मात्र नाजूक. स्वस्तातल्या कंट्रोलरवर १६ व्होल्टपर्यंतच सोसणारे कपॅसिटर असतात, म्हणजे १४.४ ला हाताशी फार काही उरत नाही.

खरा दणका वेगळाच आहे. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं ढिलं टर्मिनल सुटलं, तर क्षणार्धात लाइनवर मोठा झटका येतो. अल्टरनेटरमध्ये तो रोखायची सोय नसेल, तर हा झटका शंभर व्होल्टच्या आसपास जाऊ शकतो. सोय असेल तर साधारण ३५ वर थांबतो. १६ व्होल्टच्या कपॅसिटरला दोन्ही सारखेच.

माझा तोडगा साधा आहे. पुण्यात तपकीर गल्लीत एलएम२५९६ चं तयार मॉड्यूल सहज मिळतं. ते फक्त व्होल्टेज उतरवतं, चढवत नाही. आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा दीड व्होल्टने तरी जास्त लागतं. म्हणून ‘बरोबर १२ हवेत’ हा हट्ट सोडायचा आणि ते ११ वर लावायचं. पंखा किंचित हळू फिरतो, उलट शांत होतो. घेताना इनपुटकडच्या कपॅसिटरवरचा आकडा वाचा. ५० व्होल्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. मॉड्यूलच्या आधी, फ्यूजनंतर, एसएम८एस२४ए सारखा मोठा टीव्हीएस डायोड (झटका गिळणारा भाग) पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये आडवा टाकला की झटका चाळीसच्या आतच अडतो.

ट्रक किंवा बस असेल तर लाइन २४ ची, आणि इंजिन चालू असताना २८ ची. तिथे दोन पंखे एकामागोमाग सिरीजमध्ये जोडायचा जुगाड अनेकजण करतात. करू नका. या पंख्यांच्या पोटात इलेक्ट्रॉनिक्स असतं. दोघं व्होल्टेज सारखं वाटून घेतीलच असं नाही. आणि वरच्या पंख्याची निगेटिव्ह जमिनीवर नसल्याने त्याचा स्पीड कंट्रोलही चालत नाही. २४ व्होल्टचेच पंखे मिळतात, ते घ्या.

रंगांवर विश्वास

माझा पंखा बाद झाला तो इथे. तीन पिनच्या पंख्यात काळी निगेटिव्ह, लाल १२ व्होल्ट आणि पिवळी वेग मोजायची. चार पिनच्या जुन्या पद्धतीच्या पंख्यात काळी निगेटिव्ह, पिवळी १२ व्होल्ट, हिरवी वेग मोजायची आणि निळी वेग बदलायची. एसएमपीएसच्या मोठ्या चार पिनच्या प्लगमध्ये पिवळी १२ आणि लाल ५ व्होल्ट. म्हणजे पिवळीचे दोन अर्थ, आणि लालचेही दोन.

आदल्या रविवारी चार पिनचा पंखा जोडला होता, म्हणून तीन पिनच्या पंख्याचीही पिवळी सरळ फ्यूजला लावली. लाल ५ व्होल्टची असणार, असं धरून ती मोकळी सोडली. पंखा हलेना. मग वैतागून लाल आणि पिवळी एकत्र पिळली. पातं अर्धा फेरा फिरलं आणि तो ओळखीचा जळका वास आला. वेग सांगणारा आतला छोटा ट्रान्झिस्टर गेला होता. पंखा अजून फिरतो, पण कंट्रोलरला तो मेलेलाच दिसतो आणि अलार्म वाजत राहतो.

हल्ली तर सगळ्याच वायरी काळ्या येतात. म्हणून रंग विसरा, पिना मोजा. पंख्याच्या कनेक्टरच्या एका अंगाला दोन उभ्या कडा असतात. चार पिनच्या प्लगमध्ये त्या पहिल्या तीन पिनांपाशी असतात आणि चौथी एकटी बाहेर राहते. ती एकटी म्हणजे वेग बदलणारी. तिच्या अगदी विरुद्ध टोकाची निगेटिव्ह, मग १२ व्होल्ट, मग वेग मोजणारी. तीन पिनच्या पंख्यातही हाच क्रम, फक्त चौथी नाही.

एलईडीचा डिमर लावून वेग कमी करणे

हे डिमर पंख्याचा पुरवठाच चालू-बंद, चालू-बंद करतात. साध्या ब्रशच्या मोटरला ते चालतं. या पंख्याचं डोकं मात्र दर वेळी बंद पडून पुन्हा जागं होतं. चिं-चिं आवाज येतो, आणि वेगाचा आकडा भलताच दिसतो. चार पिनच्या पंख्याला १२ व्होल्ट कायम द्यायचे आणि हुकूम चौथ्या पिनवर, २५ किलोहर्ट्झवर. त्या पिनवर ५ व्होल्टच्या वर काही नको. १२ तर नाहीच. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅम करायच्या बोर्डवर सरळ ॲनालॉगराइट ही तयार आज्ञा वापरली तर नवव्या पिनवर ४९० हर्ट्झच मिळतात, आणि पंखा कुरकुरतो. प्रोग्रॅममध्ये बोर्डच्या टायमरची सेटिंग बदलून घ्या. कंट्रोलर आणि पंखा यांची निगेटिव्ह एक असायलाच हवी.

एवढी भानगड नको असेल तर डब्ल्यू १२०९ चा तापमानाचा स्विच पुरतो, मीही शेवटी तोच लावला. त्यालाही एलएम२५९६ च्या मॉड्यूलमागूनच पुरवठा द्या. सेन्सर वाऱ्याच्या झोतात न लटकवता इन्व्हर्टरच्या धातूला चिकटवा. चालू आणि बंद होण्याच्या तापमानात ५ अंशांचा फरक ठेवा, नाहीतर त्यातला रिले (विजेवर चालणारा स्विच) रात्रभर टकटक करत बसतो.

फ्यूज वायरसाठी असतो

पंख्याची वायर केसासारखी बारीक. तिच्यामागे १५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे फ्यूज नसल्यातच जमा. तो उडण्याआधी वायर लाल होईल. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ५ अँपिअर, पेटीपर्यंत १ चौरस मिलिमीटरची वायर, आणि पंख्यांच्या तोंडाशी १ किंवा २ अँपिअर.

लाइन इग्निशनवरून रिलेमार्फत घ्या. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ८५ आणि ८६ कॉइलला, ३० ला बॅटरी, ८७ ला पंखे. सरळ बॅटरीवर जोडलेले तीन पंखे प्रत्येकी ०.२ अँपिअर खात असतील तर दोन दिवसांत जवळपास २९ अँपिअर-अवर जातात. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची. सोमवारी सकाळी ढकलस्टार्ट!

अर्थिंगच्या वायरचं धातूचं टोक (लग) रंगावर दाबू नका, खाली पत्रा दिसेपर्यंत खरवडा. जोड नुसता पिळून काळी टेप गुंडाळली तर मेच्या उन्हात टेपचा चिकट लगदा होतो. नुसता सोल्डरचा डाग देऊनही भागत नाही: डाग संपतो तिथे तार कडक होते आणि हादऱ्याने तिथूनच तुटते. क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत जोड दाबून पक्का करा, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, वायर पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला.

आणि हे पंखे रेडिएटरवर लावायचा विचार करत असाल तर सोडून द्या. असा पंखा दोन-तीन वॅटचा, रेडिएटरचा शेकड्यात. बॉनेटखालची उष्णता आणि पावसाळ्यातलं पाणीही त्याला सोसत नाही. जिथे पाणी उडतं तिथे आयपी ६७ चा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा पंखा हवा.

तरीही फिरत नसेल तर

आधी पंखा काढून रिमोट-खेळण्यातल्या ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर लावा. हळू का होईना फिरला, तर दोष गाडीकडच्या वायरिंगचा. मग मल्टिमीटर पंख्याच्या टोकाशी धरा, पंखा जोडलेला ठेवूनच. रिकाम्या वायरवर १२ आणि पंखा जोडल्यावर ७ दिसत असतील, तर कुठेतरी क्रिंप ढिला आहे किंवा अर्थ गंजलाय. पंखा सतत फुल स्पीडवर पळत असेल तर चौथी पिन तुटलीय. मोकळी राहिली की तो पूर्ण वेगानेच फिरतो. नुसता थरथरून थांबत असेल तर वेग फार कमी मागताय, ३० टक्क्यांपासून सुरुवात करा. वेगाचा आकडा दुप्पट दिसत असेल तर कंट्रोलर एका फेऱ्याला एकच ठोका धरतोय, पंखा दोन देतो.

सगळं ठीक असून पेटी तापतच असेल तर चौकटीवरचा बाण बघा. माझे तिन्ही पंखे आठवडाभर हवा आतच ढकलत होते, आणि बाहेर पडायला मी भोकच ठेवलं नव्हतं.