फुगलंय, सुटलंय की आलंय? बाहेर आलेल्या आकाराला शब्द कसा शोधायचा

पावसाळा संपल्यावर आमच्या कंपाउंडच्या भिंतीचा फोटो मी मिस्त्रीला पाठवला आणि खाली टाइप केलं, "भिंत फुगीर झालीये." त्याचा रिप्लाय, "फुगीर नाय साहेब, पोट आलंय तिला." त्याचंच बरोबर होतं. फुगीर म्हटलं की मुळातच तशी बनवलेली वस्तू वाटते, आणि पोट आलंय म्हटलं की मागून माती ढकलतीये हे न सांगताच कळतं.

तर माझी साधी युक्ती अशी, की आकार बघायच्या आधी आत काय आहे ते बघायचं, बाहेर कोण ढकलतंय? हवा, पाणी, चरबी, माती की कोणीच नाही? मराठीत शब्द त्यावरून बदलतो.

हवा किंवा वाफ असेल तर फुगणं. पुरी तेलात पडली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती टम्म फुगते, इथे टम्मच पाहिजे, गुबगुबीत पुरी कोणी म्हणत नाही. भाकरी पण फुगते, पण तिचं कौतुक करायचं तर पापुद्रा सुटला म्हणा, आजी खूश होईल. वेफर्सचं बंद पाकीट महाबळेश्वरला नेलं तर तिथे साधारण १३५० मीटर उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी म्हणून तेही टम्म होतं. मोबाइलची बॅटरी फुगली तर मात्र शब्द शोधत बसू नका, चार्जिंग काढा, टोचू दाबू नका आणि दुकानात न्या. आणि हो, माणूसही फुगतो, गाल फुगवून कोपऱ्यात बसतो, तिथे आत हवा नसून राग असतो.

पाणी, रक्त, पू असलं की वेगळं खातं. दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं की टेंगूळ, नवीन चपलेनं फोड, पिकलं की गळू, आणि नुसतंच सगळीकडून वर आलं असेल तर सूज. टेंगूळ हा शब्द मला फार आवडतो, उच्चारतानाच हात कपाळाकडे जातो.

आता भरलेपणाचे शब्द, इथे सगळ्यात जास्त गडबड होते कारण अर्धे कौतुकाचे आणि अर्धे टोमण्याचे. बाळ गुटगुटीत, त्याचे गाल गोबरे, उशी गुबगुबीत. मोगऱ्याची कळी, मोती, पावसाचे पहिले थेंब टपोरे. डोळे टपोरे म्हणालात तर समोरची लाजेल, बटबटीत म्हणालात तर परत बोलणार नाही, आकार तोच आहे हां! (मुंबईचा टपोरी वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) पोटाचं तर विचारूच नका. पोट सुटलं म्हणजे हळूहळू वाढलं, ढेरी लाडाची, दोंद जरा जुन्या वळणाचं, आणि गणपतीचं असेल तर थेट लंबोदर. पण डॉक्टरकडे गेलात तर नीट सांगा, सुटलंय म्हणजे चरबी आणि फुगलंय म्हणजे गॅस किंवा अजून काही, दोन्हीला तपासणी वेगळी.

आत काहीच ढकलत नसेल, नुसता आकारच तसा असेल, तर फुगीर, उंचवटा, घुमट. विजापूरचा गोल घुमट बाहेरून साधारण ४४ मीटर व्यासाचा आहे, त्याला फुगवटा म्हटलं तर कसं वाटेल बघा. गोव्यात मात्र घुमट म्हटलं की आरतीला वाजवायचं वाद्य, मोठ्या पोटाचं मातीचं मडकं आणि एका तोंडाला कातडं. शाळेतला शब्द बहिर्वक्र, आणि तो अंतर्वक्रशी उलटापालटा होत असेल तर स्टीलचा डाव घ्या. आतल्या बाजूत तुम्ही उलटे दिसता, ती अंतर्वक्र. पाठीमागे सुलटे पण छोटे दिसता, ती बहिर्वक्र. घाटातल्या वळणावरचा आरसा हा पाठीमागचाच प्रकार, म्हणून त्यात रस्ता जास्त मावतो पण समोरची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते.

भिंतीचं राहिलं. मिस्त्री आला, वरून ओळंबा सोडला. दोरी मधे भिंतीला टेकली आणि खाली लटकन भिंतीपासून चांगलं चार बोटं लांब, म्हणजे पोट. भिंत नुसतीच एका बाजूला गेली असती तर फरक वरून खाली सारखा वाढत गेला असता, त्याला तो कलली म्हणाला असता. मग त्यानं दुसऱ्या ठिकाणी बोटानं टकटक केलं, पोकळ आवाज आला. "हे पोट नाय, हितं नुसतं प्लास्टर सुटलंय." पोटाचं काम त्यानं वेगळं लावलं, प्लास्टरचं वेगळं, आणि बिलात पण दोन ओळी आल्या.