प्रोटोटाइप कार्ट्रिजमधून अप्रकाशित गेम वाचवताना या चुका टाळा

गेम बॉयच्या बाजारात आलेल्या एखाद्या गेमचा डंप, म्हणजे चिपमधून वाचून काढलेली फाइल, चुकला तर लगेच कळतं. त्या गेमच्या प्रती जगभर पडल्या आहेत आणि त्यांचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) नोंदवलेले आहेत. आपला हॅश जुळला नाही, की कार्ट्रिजच्या कडा स्वच्छ करायच्या आणि पुन्हा वाचायचं. प्रोटोटाइपला, म्हणजे गेम तयार होत असतानाच्या चाचणी-प्रतीला, ही सोय नसते. रेझिडेंट ईव्हिलची गेम बॉय कलरसाठी हॉटजेनने बनवलेली आवृत्ती कॅपकॉमने रद्द केली होती. तिची अर्धवट बिल्ड (काम चालू असतानाची आवृत्ती) २०१२ मध्ये लोकांपर्यंत पोचली, कारण ती कोणीतरी इतकी वर्षं जपून ठेवली होती. असं कार्ट्रिज हातात येतं तेव्हा ताडून बघायला दुसरं काहीच नसतं. तुम्ही जे वाचाल तेच पुढे सगळे ‘मूळ’ म्हणून धरतात. त्यामुळे खालच्या चुका इथे जास्त महागात पडतात.

चिपवरचा स्टिकर काढणं

जुन्या प्रोटोटाइप बोर्डांवर बहुधा ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी मेमरी चिप, असते. चिपच्या पाठीवर नखाएवढी काचेची खिडकी असते आणि आत चांदीसारखं चमकणारं सिलिकॉन दिसतं. याच खिडकीतून अतिनील प्रकाश टाकून ही चिप पुसतात. म्हणून तिच्यावर कागदी स्टिकर असतो आणि त्यावर पेनाने गेमचं नाव, तारीख, कधी चेकसमही (डेटा बरोबर आहे का ते ताडायची बेरीज) लिहिलेला असतो. चिपचा नंबर बघायचा म्हणून लोक तो स्टिकर सोलतात. त्यात तारखेचा पुरावा फाटतो आणि खिडकी उघडी पडते. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत दिलेला अंदाज असा: थेट उन्हात सुमारे १ आठवडा, ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे ३ वर्षं, एवढ्यात चिप पुसली जाऊ शकते. तासाभरात काही होत नाही, पण खिडकीजवळच्या टेबलावर बोर्ड विसरून गावाला जाऊ नका. आधी फोटो काढा. नंबर बघणं अगदीच गरजेचं असेल तर स्टिकरची एक कड हलकेच उचला आणि परत बसवा. स्टिकर मुळातच गळून पडला असेल तर खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा.

हेडर सांगेल तेवढंच वाचणं

माझ्या मते सगळ्यात जास्त गेम याच चुकीने अर्धवट राहतात. गेम बॉयच्या रॉममध्ये, म्हणजे गेम साठवलेल्या मेमरीत, हेडर नावाचा माहितीचा छोटा भाग असतो. त्यात हेक्स (सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) १४८ या पत्त्यावर एक बाइट असतो, तो रॉमचा आकार सांगतो. ०० म्हणजे ३२ केबी, ०५ म्हणजे १ एमबी. शेजारच्या १४७ वर कार्ट्रिजमध्ये कोणता मॅपर (रॉमचे तुकडे, म्हणजे बँका, आळीपाळीने कन्सोलसमोर आणणारी चिप) आहे ते लिहिलेलं असतं. विकायच्या गेममध्ये हे बरोबर भरलेलं असतं. पण काम चालू असलेल्या बिल्डमध्ये प्रोग्रॅमरने तिथे शून्य तसंच ठेवलेलं असू शकतं. मग रीडर (कार्ट्रिज वाचणारं यंत्र) ३२ केबी वाचतो आणि ‘पूर्ण’ म्हणतो. तो डंप चालवला की लोगो येतो, कधी शीर्षकही दिसतं, आणि पहिली बँक बदलली की सगळं थिजतं. आपण समजतो गेमच अपुरा होता, आणि उरलेला गेम चिपमध्येच राहतो.

म्हणून आकार आणि मॅपर स्वतः निवडा. चिपचा नंबर दिसत असेल तर आकार तिथूनच कळतो: २७सी८०१ असेल तर ८ मेगाबिट, म्हणजे १ एमबी. नंबर दिसत नसेल तर मोठा आकार सांगून वाचा. १ एमबीच्या चिपमधून २ एमबी मागितले तर बहुतेक वेळा दुसरा अर्धा भाग पहिल्याची हुबेहूब नक्कल निघतो, तो नंतर कापता येतो. उलट, फाइलमधली १६ केबीची प्रत्येक बँक सारखीच दिसत असेल, तर बँक बदलतच नाहीये. मॅपर चुकला आहे किंवा पत्त्याच्या पिना नीट टेकत नाहीत.

आता चेकसमबद्दल. कन्सोल सुरू होताना ४८ बाइटचा लोगो आणि १४डी वरचा हेडरचा चेकसम तपासतो. १४ई आणि १४एफ वरचा पूर्ण रॉमचा चेकसम तो बघतच नाही, त्यामुळे प्रोटोटाइपमध्ये तो कोणी भरलेलाच नसतो असंही होतं. तो जुळला तर फार चांगलं, पण जुळला नाही म्हणून डंप टाकून देऊ नका. आणि तो जुळावा म्हणून हेडर दुरुस्त तर मुळीच करू नका. दुरुस्ती करायचीच असेल तर वेगळ्या प्रतीवर करा.

दोनदा सारखं आलं म्हणून समाधान मानणं

कार्ट्रिज न हलवता लागोपाठ दोनदा वाचलं आणि हॅश सारखा आला, तर त्यातून फारसं काही सिद्ध होत नाही. डेटाची एक पिन टेकत नसेल तर दोन्ही वेळा तीच चूक येईल. कार्ट्रिज काढा, कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कडा पुसा, वाळू द्या, परत लावा आणि वाचा. असं निदान तीनदा करा, शक्य असेल तर वेगळ्या दिवशी. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा तांब्याला खातो. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यातही कोकणात, बोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यातच ठेवा.

एवढं करूनही वाचन दर वेळी बदलत असेल तर मात्र थांबून विचार करायला हवा. समजा पाच वाचनांत एका पत्त्यावर तीनदा एफ७ आलं आणि दोनदा ई७. बहुमताने एफ७ धरावं असं कोणालाही वाटेल. पण ईप्रॉम कशी विसरते ते बघा. पुसलेल्या चिपमध्ये सगळे बिट १ असतात, आणि लिहिताना काही ठिकाणी विद्युतभार कोंडून ० केलेले असतात. वर्षानुवर्षं तो भार झिरपतो, म्हणजे ० चा १ होतो. १ चा आपोआप ० होत नाही. एफ७ आणि ई७ यांत फरक एकाच बिटचा आहे, आणि ० आहे तो ई७ मध्ये. संपर्क स्वच्छ असल्याची खात्री असेल तर खरं उत्तर ई७ असण्याचीच शक्यता जास्त. चिप ज्यावर वाचता त्या प्रोग्रॅमर नावाच्या यंत्रावर व्होल्टेज बदलता येत असेल तर ५ ऐवजी ४.५ व्होल्टवर वाचून बघा. अशक्त झालेले ० खालच्या व्होल्टेजला अनेकदा नीट वाचले जातात.

व्होल्टेज आणि ‘राइट’चं बटण

मूळ गेम बॉयचं कार्ट्रिज ५ व्होल्टवर चालतं, गेम बॉय ॲडव्हान्सचं ३.३ वर. अनेक रीडरवर त्यासाठी स्विच असतो, तो कार्ट्रिज लावण्याआधी बघा. विकासकांची फ्लॅश कार्ट्रिजं पुन्हा लिहिता येतात, आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘रीड’च्या शेजारीच ‘राइट’ असतं, ते चुकून दाबू नका. कार्ट्रिजमध्ये बटण सेल असेल तर तो काढण्याआधी सेव्ह वाचून घ्या, नाहीतर चाचणी करणाऱ्याने कुठवर खेळलं होतं ते कायमचं जाईल.

कन्सोल आधी चालू करून बघणं

डीएसआय, थ्रीडीएस, व्हिटा यांच्या विकास-यंत्रांत गेम कन्सोलच्या आतल्या मेमरीतही असतो. हातात आलं की चालू करून बघायचा मोह मलाही होतो. पण यंत्र चालू झालं की ते मेमरीत काहीबाही लिहितं, आणि वायफाय मिळालं तर अपडेटही मागतं. अशा यंत्रांवर एकावर एक बिल्ड टाकलेल्या असतात, त्यामुळे पुसलेल्या जागेतही जुन्या फाइलींचे अवशेष सापडू शकतात. म्हणून आधी संपूर्ण मेमरीची प्रतिमा घ्या, नुसत्या फाइली कॉपी करू नका.

त्याहून वाईट चूक म्हणजे मेमरीची चिप उकलून घेणं आणि उरलेला बोर्ड भंगारात टाकणं. डीएसआयची मेमरी त्याच यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद असते. ती उलगडायला प्रोसेसरमधला कन्सोल आयडी आणि मेमरी चिपचा स्वतःचा ओळखक्रमांक, दोन्ही लागतात. बोर्ड गेला तर हातात नुसता अर्थहीन डेटा उरतो.

एम्युलेटरवर चालत नाही म्हणून डंप खराब ठरवणं

साध्या निन्टेन्डो डीएसमध्ये मुख्य मेमरी ४ एमबी असते, डीबग यंत्रात, म्हणजे विकासकांच्या चाचणीच्या डीएसमध्ये, ८ एमबी. जास्तीच्या जागेवर विसंबून केलेली बिल्ड घरच्या डीएसवर किंवा नेहमीच्या सेटिंगमधल्या एम्युलेटरवर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) काळा पडदाच दाखवेल. एम्युलेटरमध्ये डीबग मेमरीची सोय असेल तर ती चालू करून बघा, मगच डंपला दोष द्या.

हे सगळं वाचलं म्हणून गेम आपला होत नाही, कॉपीराइट कंपनीकडेच राहतो. तो लोकांसमोर ठेवायचा की नाही हा वेगळा निर्णय आहे आणि त्याची घाई नसते. चिपमधला भार मात्र रोज झिरपतो आहे, म्हणून वाचन आज करा. प्रत्येक वाचनाची कच्ची फाइल वेगळी ठेवा. सोबत बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि एक साधी टेक्स्ट फाइल असू द्या. तीत लिहा: कोणता रीडर, किती व्होल्ट, कोणता मॅपर निवडला, आणि कोणत्या पत्त्यावर तुम्ही एफ७ सोडून ई७ धरलं.